अळीला वाचून दाखवलेले पान

एकदा एक गुरुजी होते. साऱ्या आयुष्यात त्यांनी मुलांसाठीच पुस्तके लिहिली, आणि तीही फक्त किड्यामुंग्यांवर. सिंहावर, हत्तीवर, राजपुत्रावर लिहिणारे पुष्कळ आहेत, गोगलगायीची विचारपूस करणारा कुणीतरी नको का, असे ते म्हणत. गावातली मुले त्यांना ‘किडेगुरुजी’ म्हणत. मुलांच्या आईबापांना ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखे होई. गुरुजींना मात्र ते नाव मनापासून आवडे.

केतकी ही त्यांची शिष्या. पुस्तकांची चित्रे काढायला म्हणून आली आणि हळूहळू लिहूही लागली. गुरुजींची नजर मंदावली, तेव्हा ‘पुढचं पुस्तक तुझं’ असे त्यांनीच तिला सांगितले. तिने जीव ओतून ते केले. नाकतोडा, काजवा, वाळवी, घोण, सगळे आपापल्या पानावर येऊन बसले. छापायला द्यायचे, एवढेच राहिले होते, आणि त्याआधी गुरुजींचा होकार हवा होता.

गुरुजींनी सगळे पुस्तक ऐकले, मान डोलावली, दोन ठिकाणी मनमोकळे हसले. शेवटचे पान कुंभारणीचे होते. तिथे ते गप्प झाले.

कुंभारीण म्हणजे खिडकीच्या चौकटीवर, दाराच्या मागे ओल्या मातीचे इवलेसे घर बांधणारी ती बारीक कंबरेची माशी. आपल्याकडे तिची एक गोष्ट प्रवचनांतून फार पूर्वीपासून सांगतात. ती कुठूनशी परकी अळी उचलून आणते, घरात ठेवते, दार लिंपून टाकते आणि बाहेर गुणगुणत राहते. ते ऐकता ऐकता अळीला तिचाच ध्यास लागतो आणि एके दिवशी ती स्वतःच कुंभारीण होऊन बाहेर पडते. केतकीने हीच गोष्ट लिहिली होती, आणि सुरेख लिहिली होती. तिची शेवटची ओळ होती, ‘बाहेर येताच अळीने हाक मारली, आई!’

ही ओळ लिहिताना केतकीचे डोळे भरून आले होते, आणि त्याला कारणही तसेच होते. तिची थोरली बहीण आजारात गेली, तेव्हा बहिणीची लेक जाई जेमतेम चार वर्षांची होती. केतकीने तिला आपल्या घरी आणले. न्हाऊमाखू घातले, तापात उशाशी बसली, कशात म्हणून कमी केले नाही. पोर दुखावेल म्हणून बहिणीचे नावसुद्धा घरात काढले नाही. जाई आता सहा वर्षांची झाली होती. पण केतकीला ती अजून ‘मावशी’च म्हणे. एकदा तरी ही आपल्याला आई म्हणेल का, या एका आशेवर केतकी दिवस काढत होती. पुस्तक छापून आले की हे पान सर्वांत आधी जाईला वाचून दाखवायचे, असे तिने मनाशी ठरवले होते.

गुरुजी उठले. अंगणातल्या कढीपत्त्याची एक डहाळी त्यांनी चाचपून तोडली आणि केतकीच्या पुढ्यात आणून ठेवली. डहाळीवर एक हिरवी अळी पानाची कड कुरतडत होती.

“हे शेवटचं पान हिला वाचून दाखव,” गुरुजी म्हणाले.

“अळीला?”

“तिचीच तर गोष्ट आहे ना?”

केतकीला वाटले, गुरुजींचे आता वय झाले. पण शब्द मोडवेना. तिने इकडेतिकडे पाहिले, कुणी बघत नाही याची खात्री केली आणि पान वाचले. अळी खात राहिली.

“काय म्हणाली?” गुरुजींनी विचारले.

“काय म्हणणार, गुरुजी! तिचं लक्ष कढीपत्त्यात.”

“म्हणजे कुंभारीण व्हायला ती काही उतावीळ झालेली दिसत नाही.”

केतकी जराशी दुखावली. “ही गोष्ट मी थोडीच रचली? मोठमोठी माणसं सांगत आली आहेत.”

“सांगत आली, आणि मायेनंच सांगत आली,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “अळी आत जाताना त्यांनी पाहिली. कुंभारीण बाहेर पडतानाही पाहिली. मधल्या बंद घरात काय चालतं ते दिसत नव्हतं, म्हणून ते त्यांनी आपल्या मनानं भरून काढलं. पण बाळ, तू हे मुलांसाठी लिहिते आहेस. उद्या एखादं मूल ते मातीचं घर फोडून बघेल. कुंभारीण आत आधी आपलं अंडं ठेवते. मग अळ्या आणते, डंख मारून त्यांना गुंगीत ठेवते, म्हणजे त्या ताज्या राहतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू त्या खातं आणि मोठं होतं. अळीची कुंभारीण कधीच होत नाही. ही डहाळीवरची आहे ना, हिला सोडलं तर हिचं फुलपाखरू होईल, तेही काळ्या पंखांचं. ते तिनं कुणाला विचारून ठरवलेलं नाही.”

केतकी डहाळीकडे पाहत राहिली. “मग ही कुंभारीण दुष्टच म्हणायची,” ती पुटपुटली.

“छे गं! ती आई आहे. आपलं लेकरू तिला कधी दिसायचं नाही. म्हणून त्याला पुरेल एवढं सगळं ती भरून ठेवते, दार लिंपते आणि निघून जाते. यात खोटं कशाला मिसळायचं?” गुरुजी म्हणाले. “हे पान तू कुणासाठी लिहिलंस, ते मला ठाऊक आहे. लेकरू आपल्यासारखं व्हावं, आपल्याला हवी ती हाक त्यानं मारावी, म्हणून त्याच्या कानाशी गुणगुणत बसू नये. त्याला जे व्हायचं ते होऊ द्यावं. माया तेवढी करावी.”

घरी येऊन केतकीने ते पान फाडले आणि नवे लिहिले. या वेळी गोष्ट छोटी झाली. घर, अंडे, अळ्या, लिंपलेले दार आणि उडून गेलेली आई. संध्याकाळी जाईला मांडीवर घेऊन तिने ते वाचले.

जाईने सगळे ऐकून घेतले. “मग ती परत येतच नाही?”

“नाही येत.”

“पण बाळाला भूक लागू नये म्हणून सगळं ठेवून जाते?”

“हो. सगळं ठेवून जाते.”

मग दोन वर्षांत कधी न विचारलेले जाईने विचारले. “माझ्या आईनं माझ्यासाठी काय ठेवलं?”

केतकीने हातातले पान खाली ठेवले. तेवढ्यात जाईचा चेहरा एकदम उजळला. कोडे सुटल्यासारखी ती टाळी वाजवून ओरडली, “मला कळलं! तुला ठेवलं! म्हणजे मावशी, अळी तू आहेस!”

केतकी हसू लागली आणि हसता हसता रडू लागली. आपण कुंभारीण आहोत असे समजून ती इतके दिवस गुणगुणत होती, आणि पोरीने एका वाक्यात तिला तिची जागा दाखवली होती. “हो गं बाई,” ती जाईला घट्ट धरून म्हणाली, “अळी मीच. तुझ्या आईनं ठेवलेली.”

“आई कशी होती?” जाईने विचारले.

केतकीने डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली. बहीण झाडावर कशी चढायची, खोटे बोलताना कशी पटकन पकडली जायची, जाई झाली तेव्हा किती वेळ नुसती तिच्याकडे बघत बसली होती. जाई मधूनमधून म्हणे, “मावशी, पुढे?” त्या हाकेत काही उणे आहे, असे केतकीला त्यानंतर कधी वाटले नाही.