एअरबॅगची घडी

रस्त्यांवर बैलगाड्या कमी आणि मोटारी जास्त झाल्या, त्या काळातली गोष्ट. एका छोट्याशा मोटारीच्या स्टिअरिंगमध्ये एक एअरबॅग घडी होऊन राहत असे. आत मिट्ट काळोख. गाडी चालवताना इंदुमतीबाई गुणगुणत, तेवढं मात्र तिला ऐकू येई.

"पट्टेदादा, बाई दिसतात तरी कशा?" ती सीटच्या पट्ट्याला विचारी.

"गालावर तीळ आहे. गाताना तो वर-खाली होतो," पट्टा ऐटीत सांगे. त्याला रोज बाईंच्या खांद्यावरून जायला मिळे ना!

"एकदा तरी त्यांचा गाल माझ्यावर टेकावा रे."

"वेडे, तू बाहेर येशील तो दिवस बाईंचा बरा नसेल."

"तुझं बरंय, रोजची भेट आहे तुझी!" ती फणकारली.

एके दिवशी घाटाच्या वळणावर समोरून ट्रक अंगावर आला. बाईंनी करकचून ब्रेक दाबला. गुणगुणणं तुटलं. बाईंना घट्ट आवळून धरत पट्टा ओरडला, "तयार राहा गं!"

एअरबॅग शहारली. इतकी वर्षं जिची वाट पाहिली, ती घडी दाराशी आली होती. आणि तिच्या तोंडून निघालं, "नको रे देवा! आज नको, कधीच नको!"

ट्रक आरशाला घासून निघून गेला. गाडी थांबली. बऱ्याच वेळाने बाईंचा कापरा आवाज पुन्हा त्याच सुरावर आला.

"तीळ हलतोय का रे?" एअरबॅगने काळोखातूनच विचारलं.

"हलतोय गं."

"मग झालं," म्हणत तिने आपली घडी आणखी घट्ट मिटून घेतली.