शेंडीसकट श्रीफळ

परदेशात वास्तुजतन शिकून परतलेल्या केतकीला वाटलं होतं, गावचं दगडी नाट्यगृह वाचवायला लोक तिची वाट पाहत असतील. इथे तर ते वाचवल्याबद्दल बिल्डर प्रतापराव घोसाळकरांचा सत्कार होता! प्रतापराव दर्शनी भिंत तेवढी ठेवणार होते. आतला रंगमंच पाडून तीस मजले चढवणार होते. सत्कारानंतर नाट्यगृहाचे विश्वस्त त्यांच्यासोबतच्या करारावर सही करणार होते.

"वारसा जपायला काळीज लागतं," प्रतापराव माइकवर गरजले. "समोरून बघा, काही बदललेलं दिसणार नाही!"

शाल-श्रीफळ द्यायला केतकीच पुढे झाली. श्रीफळ हलकं लागलं म्हणून प्रतापरावांनी ते उलटं केलं. वर झोकदार शेंडी, खाली नुसती पोकळ करवंटी.

"भरसभेत मला शेंडी लावतेस?"

"लावली नाही काका, जपली. समोरून बघा, काही बदललेलं दिसणार नाही. आतलं खोबरं तेवढं काढलंय."

असा हशा पिकला की विश्वस्तांनी सही न करताच पेन खिशात घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतापरावांचा फोन आला, "आमच्याकडे सल्लागार म्हणून ये." त्यांना आता दर्शनी माणूसही हवं होतं. केतकीने नाही म्हटलं आणि नाट्यगृहाचं गळकं छप्पर दुरुस्त करायला इथेच राहायचं ठरवलं.