अस्तराचा हिरवा हात

हत्यारं एकमेकांशी बोलायची, भांडायची, तेव्हाची ही गोष्ट. विमानांच्या एका शेडमध्ये रंगाचे फवारे मारणारी दोन हत्यारं राहत, सख्खे भाऊ. रुंद तोंडाचा थोरला आधी अस्तराचा हिरवा हात मारायचा. मग बारीक तोंडाचा धाकटा, बारक्या, त्यावर चकचकीत रंग द्यायचा.

एका सकाळी नव्या विमानाला अस्तर मारून झालं आणि थोरला हुकावरून निसटला. फरशीवर आपटून त्याचे दोन तुकडे झाले.

अस्तर सुकलं. बारक्यात पांढरा रंग भरला, पण तो अडून बसला. "दादाचं शेवटचं काम मी झाकणार नाही! कुणी जवळ आलं तर तोंडावर फवारा मारीन!"

"अरे बाळा, मला लवकरच पहिल्यांदा उडायचंय," विमान म्हणालं. "असल्या हिरव्या अंगानं वर गेलो, तर पोपट मला पंगतीला बसवतील."

बारक्याला हसू फुटलं, आणि पाठोपाठ रडूही.

विमान हळूच म्हणालं, "आज रंग दिला नाहीस तर अस्तर फार कडक होईल. मग त्यावर रंग धरणार नाही आणि माणसं ते सगळं खरवडून काढतील."

"दादाचं काम खरवडतील?" बारक्या ताडकन उठला. "चल, हलू नकोस!"

त्याने सर्रकन रंग सोडला. एकही ओघळ आला नाही. खालून कुणी घट्ट धरून ठेवावं तसा रंग बसला.

विमान उडालं त्या दिवशी शिडी म्हणाली, "काय पांढरंशुभ्र दिसतंय गं बाई!"

"दिसतंय ना?" बारक्या आनंदानं ओरडला. "त्याच्याखाली माझा दादा आहे! तोही उडतोय!"