धागा तोडणारी पेशी

फार पूर्वीची गोष्ट. एक नगर होतं, आणि ते वसलं होतं कुणाच्या तरी अंगात, कातडीखाली. कुणाच्या ते विचारू नका, तुमच्याही असेल.

त्या नगरात पेशी राहत. पण खरं नवल होतं ते त्यांच्या मधल्या जागेचं. बघणाऱ्याला वाटे, रिकामीच आहे. रिकामी कसली! तिथे दोरखंडासारखे चिवट धागे होते, ताणून सोडले की जागेवर येणारे लवचीक धागे होते, आणि या सगळ्यांत पाणी धरून ठेवणारा खळीसारखा मऊ, चिकट गर होता. हे सारं एक म्हातारी विणकरीण पेशी आपल्याच अंगातून काढून विणत असे. सगळ्या तिला मावशी म्हणत.

नगराची एक रीत होती. कामाला लागण्याआधी शेजारणीपर्यंत गेलेल्या हातातल्या धाग्याला हलका हिसका द्यायचा, आणि शेजारणीचा उलट हिसका आला की मगच कामाला हात घालायचा. जखम कुठे झाली, आता वाढायचं की थांबायचं, सगळं त्या हिसक्यातून कळे.

एका धाकट्या पेशीला मात्र या रीतीचा भारी कंटाळा, आणि धागाही तिला काचे. तिच्या दारावरून रक्ताचा पाट वाहे आणि त्यातून तांबड्या पेशी ऐटीत घसरत जात. ना धागा, ना दोरी! त्यांना पाहून तिचा जीव कासावीस होई.

"मलाही न्या ना गं!" ती म्हणे.

"अगं, दुरून डोंगर साजरे," एक तांबडी म्हणाली. "आमचा जन्मच वाहण्याचा. तुझा नाही."

पण ऐकेल ती धाकटी कसली? एके दिवशी तिने आपल्या अंगचा तिखट रस सोडून हातातले सगळे धागे विरघळवले आणि पाटात उडी घेतली.

पहिला फेरा मजेत गेला. दुसऱ्या फेऱ्यात सवयीने तिने हिसका दिला. हातात काही नव्हतं, उलट काही आलं नाही. वाढावं की थांबावं, कळेना. आपण कुठल्या, कुणाच्या, तेही नीट आठवेना. आठवत होता तो फक्त शेजारणीचा हिसका, ज्याला ती रोज कुरकुरत उत्तर द्यायची. तो एकदा, फक्त एकदा यावा म्हणून ती तळमळू लागली.

तिसऱ्या फेऱ्यात तिला आपलं दार दिसलं. शेजारीण रिकाम्या बाजूला हिसका देत होती, थांबत होती, पुन्हा देत होती.

"मावशी, धागा टाक गं!" ती ओरडली.

मावशीने धागा फेकला. पण धाकटीचे धरायचे हात आता पार मिटून गेले होते. धागा निसटला.

"मला काचत होता गं तो, मावशी!"

"मग सांगायचं होतंस, पोरी! सैल करून दिला असता. कुणाचा सैल करायचा, कुणाचा घट्ट, रोजचंच काम माझं. तोडलास कशाला?"

आधार सुटलेली पेशी फार जगत नाही. पुढचं वळण येण्याआधीच धाकटी आक्रसून विरून गेली.

मावशीने त्या जागी नवे धागे विणले. शेजारीण अजून कामाआधी त्या बाजूला एक हिसका देते आणि थोडा वेळ थांबते.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, धागा काचला तर सैल करून मागावा, तोडू नये. आपण उभे असतो ते त्याच्याच आधारावर.