मागचं डावं चाक

“...आणि गाडीतला दिवाच खोटं बोलत असेल तर, बुवा?”

“मंग लावलाय कशापायी?”

तोरसकरांनी गाडीकडे पाहिलं. तो दिवा त्यांनीच शिकवून तयार केला होता. आपलाच चेला खोटं बोलतो हे चारचौघांत सांगायची वेळ आली की भल्याभल्यांची पंचाईत होते.

घाट सुरू होण्याआधी, करंजाच्या झाडाखाली देवीचं ठाणं आहे. गाडीवाले तिथे थांबतात, नारळ फोडतात आणि मगच खाली उतरतात. रेवणबुवा तिथेच बसलेले असतात. वय ऐंशीच्या घरात. आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

तोरसकर थांबले ते मुलीच्या हट्टाने. केतकीला सातवा महिना. तिला गडहिंग्लजहून, सासरहून, बाळंतपणासाठी सावंतवाडीला घेऊन निघाले होते. नारळाशिवाय घाट उतरायचा नाही, असं तिने बजावलं होतं.

पण तोरसकरांना थांबायला दुसरंही कारण होतं. आजरा सोडल्यापासून समोरच्या पडद्यावर गाडीच्या चित्रातलं मागचं उजवं चाक लाल झालं होतं. हवा कमी.

“तीनदा उतरून मोजली,” ते म्हणाले. “उजव्या चाकात तेहेतीसच्या तेहेतीस. तरी हा बोंबलतोच आहे. आता लॅपटॉप काढतो आणि त्याचं तोंडच बंद करतो. घाटात समोर लाल दिवा नको.”

“बाकीची तीन चाकं?”

“त्यांची तक्रारच नाही.”

 बुवा खोबऱ्याचे तुकडे करून परातीत टाकत राहिले.

केतकी झाडाच्या पारावर पाय सोडून बसली होती. एक हात कमरेवर. “बाबा, मी दोनदा सांगितलं तुम्हाला. गाडी माझ्या बाजूला बसल्यासारखी वाटते.”

“ऐका!” तोरसकर हसले. “हिचं वजन वाढलंय, आणि ही गाडीला बोल लावते.”

केतकी हसली नाही.

बुवांनी तिच्याकडे पाहिलं, मग तोरसकरांकडे.

“पावनं... ह्यो दिवा तुमी शिकिवला म्हंता. कसा?”

झालं. तोरसकर खुलले. कारखान्यात तीस वर्षं मापाची यंत्रं दुरुस्त केलेला माणूस. त्याला हा प्रश्न विचारला की वेळेचं काही खरं नसतं.

चारही चाकांतले हवा मोजणारे सेन्सर म्हातारे झाले होते. नवे कोरे मागवले. गॅरेजवाले म्हणाले, गाडीला त्यांची ओळख करून द्यायला यंत्र लागतं. तोरसकर म्हणाले, यंत्र म्हणजे मीच. जुन्या रेडिओतली काळी कांडी काढली, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळली. पाण्याच्या पाइपाचा हातभर तुकडा घेतला, दोन्हीकडून बुचं मारली, आत सेन्सर घालून सायकलच्या पंपाने हवा भरली आणि प्रत्येकाचं माप तपासलं. चार रविवार गेले. बायकोने जेवायला हाक मारणं सोडून दिलं.

“मग सेन्सर चाकांत बसवून घेतले. प्रत्येकाला स्वतःचा नंबर असतो, बुवा. कांडी चाकाजवळ धरली की तो जागा होतो आणि नंबर सांगतो. तो मी कागदावर लिहिला. कुठला नंबर कुठल्या चाकात, ते मग गाडीला शिकवलं. एका पैशाचं विकतचं यंत्र नाही!”

“झ्याक,” बुवा म्हणाले. आणि ते मनापासून म्हणाले. “दावा की मला.”

तोरसकरांनी परात पुढे ओढली. खोबऱ्याचे चार तुकडे मांडले. दोन जवळ, दोन लांब.

“ही गाडी. आमच्या पार्किंगमध्ये ती भिंतीला पाठ करून उभी असते. त्यामुळे मी हा असा, तिच्या तोंडासमोर बसलो. ही जवळची पुढची चाकं. ती पलीकडची मागची. हे डावं, हे उजवं. हे मागचं डावं... आणि हे मागचं उजवं, आमचं बोंबलणारं.”

“डावं कुनाचं?”

“म्हणजे?”

बुवांनी परातीला दोन्ही हात लावले आणि ती अर्धी फिरवली. तुकडा ना तुकडा जागचा हलला नाही. फक्त गाडीचं तोंड आता तोरसकरांकडून वळून पलीकडे, रस्त्याकडे झालं. जणू ते मागच्या सीटवर बसून पुढे बघत होते.



तोरसकरांनी उजव्या हाताचं बोट मागच्या उजव्या म्हणवणाऱ्या तुकड्यावर ठेवायला उचललं... आणि तो तुकडा डाव्या हाताशी होता.

“अरे देवा...”

ते उठले. गाडीची डावी बाजू घाणेरीच्या झुडपाला अगदी लागून होती. काटे अंगावर घेत आत शिरले, वाकले, मागच्या डाव्या चाकाला माप लावलं.

सतरा.

आतल्या अंगाने, सहज कुणाला दिसणार नाही असा, बोटाएवढा स्क्रू टायरमध्ये रुतला होता. त्यांनी थुंकी लावली. बुडबुडे आले.

या चाकाच्या बरोबर वर केतकीची सीट होती. पुढे घाट होता. आणि ते दिव्याचं तोंड बंद करायला निघाले होते.

तोरसकर तिथेच, झुडपात, मातीत खाली बसले. इस्त्रीच्या पँटचं काय व्हायचं ते होवो.

“बाबा? काय झालं? बाबा!”

“काही नाही... काहीच नाही झालं गं,” ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, “काही नाही झालं.” आणि हसायला लागले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. छातीवरून कुणीतरी मोठा धोंडा उचलून बाजूला ठेवला होता. किती हलकं वाटावं माणसाला, एक स्क्रू सापडला म्हणून!

केतकी सावकाश चालत आली. चाकाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. वाढलेल्या वजनाबद्दल ती खूप काही बोलू शकली असती. पण तिने फक्त पदराने त्यांच्या गालावरची माती पुसली.

“उठा आता. स्टेपनी लावा.”

गाडी झुडपापासून पुढे घेतली. जॅक लागला, नट सुटले, स्टेपनी चढली. तोरसकर इतक्या उत्साहाने पाना फिरवत होते की वाटावं, पंक्चर म्हणजे एखादा सणच आहे. तोवर केतकीने परातीतलं पुढचं उजवं चाक खाऊन टाकलं होतं.

हात धुऊन तोरसकर बुवांच्या पाया पडले.

“तुम्ही तर कधी गाडी चालवली नाहीत, बुवा. मग कसं ओळखलंत?”

“म्या तुमच्या म्होरंच बसलो हुतो की. तुमचं डावं म्हंजी माजं उजवं.”

तोरसकरांनी मान डोलावली. मग गाडीत जाऊन लॅपटॉप जोडला, नंबरांची अदलाबदल केली. या वेळी ड्रायव्हरच्या सीटवर बसून, रस्त्याकडे तोंड करून. पडद्यावर तीन चाकं पांढरी झाली.

चौथ्या जागी नुसती रेघ आली.

त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. एवढा वेळ मोकळं झालेलं कपाळ पुन्हा आठ्यांनी भरलं.

“आता काय?” बुवांनी पारावरून विचारलं.

“स्टेपनीत सेन्सर नसतो, बुवा. तेवढं एक चाक आता मुकं. घाट मोठा आहे, आणि... मागच्या डाव्या चाकाची खबर मला देणार कोण?”

केतकी मागचं डावं दार उघडून आत बसत होती. बुवांनी परातीतला एक तुकडा उचलला, उठले आणि खिडकीतून तिच्या हातावर ठेवला.

“सकाळधरनं कोन देतंय, पावनं?”