एका शेअरच्या मालकिणी

एकदा एका गावाच्या वेशीवर कमान बांधायचं ठरलं, आणि तिच्यापायी एका शहाण्या म्हाताऱ्याला सगळ्यांनी वेड्यात काढलं. त्याची ही गोष्ट.

गावाजवळ, ओढ्याच्या वरच्या अंगाला, मक्यापासून कापडाची खळ तयार करणारा कारखाना होता. मूळचे मालक वारले, मुलांनी आपला वाटा विकला आणि कंपनी दूरच्या महानगरातल्या लोकांच्या हाती गेली. पुढे पाणी शुद्ध करणारी यंत्रणा बिघडली आणि तशीच पडून राहिली. कारखान्याचं आंबलेलं पाणी थेट ओढ्यात येऊ लागलं. खालच्या वस्तीतल्या म्हशी त्याला तोंड लावीनात, बायकांच्या हातांना खाज सुटू लागली.

हेरंब त्याच वस्तीतला. कंपनीच्या समाजकार्य विभागाचा अधिकारी झाला होता बिचारा. गावासाठी राखलेल्या पैशातून यंत्रणा दुरुस्त करावी, असं त्यानं तीनदा लिहून पाठवलं. तिसऱ्या वेळी अध्यक्षांचा फोन आला. "अहो, कमान बांधा कमान! कंपनीचं नाव ठळक दिसेल. अहवालात फोटो छापता येईल. स्वच्छ पाण्याचा फोटो काय छापणार?"

हेरंबला रडू यायचं तेवढं राहिलं. तो उठला आणि गुरुजींकडे गेला. गुरुजी म्हणजे कारखान्याचे पहिले रसायनतज्ज्ञ. त्यांच्याच हाताखाली तो काम शिकला होता. मूळ मालकांनी त्यांना निवृत्त होताना कंपनीचे पन्नास शेअर दिले होते.

"गुरुजी, तुम्ही भागधारक आहात. सभेत तुम्ही बोला. कमान मंजूर झाली तर सगळा पैसा तिच्यात जाईल, ओढा कायमचा गेला."

गुरुजींनी शांतपणे ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जे केलं ते पाहून हेरंबनं कपाळाला हात लावला. आपल्या पन्नास शेअरांपैकी एकोणपन्नास त्यांनी वस्तीतल्या एकोणपन्नास बायकांच्या नावे करायला काढले. प्रत्येकीला एक! तेव्हा शेअर कागदावर असत. सह्या, शिक्के, नोंदणी यात दोन महिने गेले.

"गुरुजी, पन्नास असताना तुम्हाला कोणी विचारत नाही, मग एकाला कोण भीक घालणार?"

"सभेला ये," एवढंच गुरुजी म्हणाले.

लोक हसले. त्या बायकांतल्या शेवंताक्कानं आपल्या शेअरचा कागद देवघरात ठेवला, तेव्हा तिचा नवराही हसला. "शेठाणी झालीस की गं!" ती म्हणाली, "झाले तर झाले. चहा तुमचा तुम्ही करून घ्या."

सभेचा दिवस उजाडला. मूळ मालकांनी दोन दंडक घालून ठेवले होते, आणि बदलण्याची तसदी नव्यांनी घेतली नव्हती: सभा गावातच भरायची, आणि गावासाठीचं काम हजर भागधारकांनी हात वर करून ठरवायचं. शेअर किती का असेनात, माणशी एक हात. एरवी दहाबारा जण यायचे, "मंजूर, मंजूर" म्हणायचे, वेफर्स आणि पेढ्याचा पुडा घेऊन घरी जायचे.

त्या दिवशी एकोणपन्नास बायका मंडपात आल्या आणि पुढच्या खुर्च्यांवर बसल्या. वेफर्सचे पुडे पुरले नाहीत, हा सभेतला पहिला गोंधळ.

कमानीचा विषय निघताच शेवंताक्का उठली. आवाज खणखणीत.

"अध्यक्षसाहेब, गावात यायची वाट आम्हांस्नी ठावी हाय. कमान कशापायी? ह्यो कारखाना आता माझा बी हाय. माझ्या कारखान्याचं पाणी माझीच म्हस पीत न्हाई, याची मला लाज वाटती. आधी ते यंत्र दुरुस्त करा."

हात वर झाले. कमानीच्या बाजूनं अकरा, यंत्रणेच्या बाजूनं पन्नास. पन्नासावा हात गुरुजींचा. कंपनीचा सल्लागार अध्यक्षांच्या कानाशी लागला: दंडक राहू द्या, शेअरांप्रमाणे मतं मोजा, महानगरातल्या मालकांपुढे यांचा पाड काय! अध्यक्षांनी समोर पाहिलं. एवढ्या भागधारक बायकांदेखत, आम्हाला ओढ्यापेक्षा कमान प्यारी, असं तोंडानं म्हणायला त्यांची जीभ रेटेना. "यंत्रणा मंजूर," ते म्हणाले. मग काय विचारता! टाळ्यांनी मंडप दणाणला. हेरंबचे डोळे भरून आले, आणि त्यानं ते लपवले नाहीत.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, एका माणसाचे पन्नास हात केलेत! काय युक्ती ही!"

"युक्ती आजच्यापुरती," गुरुजी म्हणाले. "मर्म निराळं आहे. मूळ मालक काही संत नव्हते रे. मजुरीवरून माझ्याशी कितीदा भांडले. पण रोज सकाळी याच ओढ्यात आंघोळ करायचे, म्हणून ओढा निर्मळ राहिला. आताचे मालकही दुष्ट नाहीत, दूर आहेत. दूरच्या मालकाला आपले उपकार दिसायला हवे असतात, म्हणून कमान. शेजारी राहणाऱ्या मालकाला आपला उपद्रव आधी दिसतो. कंपनीला सद्बुद्धी दे म्हणून मी प्रार्थना करत बसलो नाही. मालकीच ओढ्याकाठी राहायला आणली."



महिन्याभरात यंत्रणा सुरू झाली. पंधरवड्यानं ओढ्याचा तळ दिसू लागला. मग एका सकाळी शेवंताक्का तडक हेरंबच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"काल दुपारी दोन तास यंत्र बंद हुतं. का?"

"वीज गेली होती, अक्का."

"मग जनरेटर लावायचा. न्हाई तर तेवढा वेळ कारखाना बंद ठेवायचा. मी उद्या पुन्यांदा येनार हाय."

वस्तीतल्या कुणी त्याला असं दरडावलं नव्हतं. आजवर सगळे हात जोडून यायचे. हेरंब खुर्चीतून उठून उभा राहिला.

"होय, मालकीणबाई," तो म्हणाला, आणि जनरेटरची चौकशी करायला निघाला.