अठरा ग्रॅमची गाणी

“मग यातलं कोणतं घेऊ, वस्ताद?”

मी असंच विचारलं होतं, की आधी नुसता कागद पुढे केला होता, हे आता खात्रीने सांगता येत नाही. माझी आठवण मला सोयीचं तेवढंच सांभाळते, असा अलीकडे मला संशय येतो. रविवार होता, एवढं नक्की. दौलू वस्ताद आमच्याकडे दर रविवारी येत.

ते कोल्हापुरातल्या आमच्या पेठेच्या तालमीचे वस्ताद. पंचाहत्तरी ओलांडलेले. माझ्या पत्नीला, कुमुदला, पक्षाघात होऊन तीन महिने झाले होते. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तिच्या हाताला तेल चोळायला ते येत, आणि पैशाचं नाव काढलं की उठून उभे राहत.

मलाही बैठका त्यांनीच लावून दिल्या होत्या. कुमुदला पलंगावरून खुर्चीत घ्यायचं, तर माझ्या पायांत बळ हवं. रोज चाळीस. तिच्याच खोलीत, तिच्या पलंगाचा कठडा धरून.

कागदावर मी तक्ता केला होता. गाणी वाजवणारी सहा छोटी यंत्रं. वजन, बॅटरी किती तास चालते, घामाने बिघडतं का, सदऱ्याला अडकवायला चिमटा आहे का, किंमत. चार दिवस त्यात गेले होते. चौतीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला सातशे रुपयांच्या आतली एक वस्तू निवडता येत नव्हती.

“हे पडद्याचं आहे,” मी म्हणालो. “गाण्याचं नाव दिसतं, पण वजन चाळीस ग्रॅम. हे बिनपडद्याचं. अठराच ग्रॅम. चिमटाही आहे.”

वस्ताद कुमुदच्या आखडलेल्या मुठीतलं एकेक बोट उलगडत होते.

“बैठका मारताना नाव कोण वाचतंय?”

“म्हणजे बिनपडद्याचं घेऊ?”

“घ्या म्हणून मी कुठं म्हटलं?”

मी पुन्हा तक्त्यावरून बोट फिरवू लागलो.

“गाणं कशाला पायजे, सर?” वस्तादांनी विचारलं.

“रस्त्याचा आवाज येतो. लक्ष लागत नाही.”

“तुमच्या गल्लीत कुत्रंबी विचारून भुंकतंय.”

मालन चहा घेऊन आली होती. कुमुदचं सगळं करायला ती दिवसभर आमच्याकडे असे. ती फिसकन हसली. मला राग आला, आणि रागाच्या भरात मी खरं बोलून गेलो.

“हिचा आवाज येतो. एरवी दिवसभर गप्प असते. मी बैठका सुरू केल्या, की हिचं सुरू. ता… ता… ता… तेवढा एकच आवाज उरलाय. काहीतरी मागतेय असं वाटतं, आणि काय ते कळत नाही. मला सहन होत नाही, वस्ताद.”

हे मी तिच्या उशाशी उभा राहून बोललो.

वस्तादांनी तिच्याकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले होते.

“वैनींस्नी इचारलंय का?”

“काय विचारू?”

“कुठलं घ्यायचं त्ये.”

“अहो, मेंदूतलं वाचेचं केंद्रच गेलंय. डॉक्टरांनी मला चित्रात दाखवलं. तिच्या आवाजाला आता अर्थ नाही. नुसता ध्वनी आहे. तिला काय कळणार?”

वस्तादांनी पंच्याला हात पुसले. घाईने नाही.

“मारा बघू बैठका.”

“आत्ता?”

“च्या गार हुईस्तोवर.”

मी कठडा धरला. खाली गेलो, वर आलो. “ता.” पुन्हा खाली, पुन्हा वर. “ता.” मालन चहाचा ट्रे हातात घेऊन तशीच उभी होती. मला शरम वाटत होती, कुणाची ते माहीत नाही.

सातव्या वेळी मी खाली गेलेला असताना वस्तादांनी तळहात वर केला.

मी तसाच थांबलो, गुडघे मोडून. मांड्या थरथरू लागल्या.

खोलीत आवाज नव्हता.

किती वेळ गेला कोण जाणे. वस्तादांनी हात खाली घेतला. मी उठलो.

“ता.”

“तालमीत आपल्या बैठका आपण मोजत न्हाई,” वस्ताद म्हणाले. “आपण मोजलं की मन लबाडी करतंय. बाजूला असंल त्यो मोजतोय.”

त्यांना काय म्हणायचं आहे ते मला तत्काळ कळलं. कळताक्षणी मी ते खोडायला लागलो. सवय होती.

“योगायोग आहे हा. माझी हालचाल दिसली की तिचा आवाज निघतो. प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात त्याला. मोजणं वेगळं. मोजायला क्रम लागतो, एकानंतर दोन, दोनानंतर तीन. हिचा प्रत्येक ‘ता’ सारखा आहे. त्यावरून ही मोजतेय, हे सिद्ध होत नाही.”

“न्हाई होत,” वस्ताद म्हणाले, आणि त्यांनी चहा बशीत ओतला.

त्यांनी वाद घातला असता, तर कदाचित मी हरलो असतो.

मंगळवारी मी ते बिनपडद्याचं यंत्र आणलं. निवड चुकली नव्हती. कुणाला हवं असेल तर आजही मी तसलंच घ्यायला सांगेन. चिमटा घट्ट बसे, घामाने काही होत नसे, एकदा चार्ज केलं की तीन दिवस बघावं लागत नसे. नाट्यगीतं भरून घेतली होती. इअरफोन घातले, की तबल्यापलीकडे जगात काही उरत नसे.

फक्त कुमुदचे ओठ हललेले दिसत. म्हणून मी पलंगाचा कठडा सोडला आणि खिडकीचा गज धरून, तिच्याकडे पाठ करून, बैठका मारू लागलो.

पुढच्या रविवारी वस्ताद आले ते मला कळलंच नाही. गाणं संपलं, वळलो, तर ते खोलीच्या दारात. हातात तेलाची बाटली.

मी कानातलं काढलं आणि सदऱ्यावरचं यंत्र त्यांच्या हातावर ठेवलं.

“अठरा ग्रॅम,” मी म्हणालो.

“हलकं हाय.”

“बैठका कधी झाल्या ते समजतच नाही बघा आता.”

“किती झाल्या आज?”

“मोजत नाही. तीन गाणी होतात.”

“अडतीस,” वस्ताद म्हणाले.

मी हसलो. “तुम्ही दारातून मोजत होता होय?”

“मी न्हाई. मी नुसतं ऐकलं.”

यंत्र त्यांनी माझ्या हातात परत दिलं आणि ते माझ्या बाजूने पलंगाकडे गेले. कुमुदची मूठ हातात घेतली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

“दोन ऱ्हायल्यात, सर. त्या वाट बघाल्यात.”

त्या दोन मी मारल्या की नाही, ते आठवत नाही. मारल्या असत्या तर आठवलं असतं, असं वाटतं.

कुमुद त्याच वर्षी थंडीत गेली. वस्ताद त्यानंतर दोन वर्षांनी. विचारायला कुणी उरलं नाही, असं मी धरून चाललो होतो. मग सहा वर्षांनी मालन नातवाला घेऊन भेटायला आली, आणि ती निघता निघता मी विचारलं, हिचा तो आवाज कधी थांबला? तिला आठवावं लागलं नाही. नागपंचमीच्या दिवशी ती सकाळी उशिरा आली होती, हातावर मेंदी होती, मी खिडकीशी बैठका मारत होतो, आणि बाई पहिल्यांदा गप्प होत्या. तोंड भिंतीकडे केलेलं. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत रोज आवाज यायचा, ती म्हणाली.

ती गेल्यावर मी माझी डायरी काढली, त्या वर्षीचं पंचांग काढलं. यंत्र आणलं तो मंगळवार धरून दिवस मोजले. दोनदा मोजले.

माझे कान बंद झाल्यावरही ती अकरा दिवस मोजत होती.